दोन तुकडे दिसत नाहीत

अकरा वाजून वीस. ग्रिम्स्बी. पडदा ओढलेला.
डाव्या कुशीवर मिस्टर थर्लबी, वय एकोणऐंशी,
छातीत चाळीस वर्षांचा तंबाखू आणि उत्तर समुद्राचा वारा.
फुप्फुसं इतकी फुगलीत
की हृदय त्यांच्यामागं जाऊन बसलंय,
पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणाऱ्या मुलासारखं.

श्वास सोडा. अजून. आता धरून ठेवा.
जेल, बरगडी, पुन्हा जेल.
स्क्रीनवर राखाडी, राखाडीत जरा गडद राखाडी.
डाव्या कप्प्याची भिंत मी तुकड्यातुकड्यानं मोजते.
हा हलतो. हा हलतो.
हा हलतो, पण आळसानं.
टोकाजवळचे दोन नाहीत. शेजारी शेजारी.

नियम भिंतीवर चिकटवलाय:
सलग दोन तुकडे दिसेनात, तर कॉन्ट्रास्ट.
नियम लिहिणाऱ्याच्या दाराबाहेर
साडेअकराच्या मिसेस ग्रेव्हेल कोट काढून बसल्या नसाव्यात.
सुई लावायला बोझेना हवी, ती वॉर्डात.
विचारायचं तर डॉक्टर ओकेलोंना, ते फोनवर.
आणि अंदाजपंचे दाहोदरसे मलाही येतंच की.
वीस वर्षांत डोळा इतका सरावतो
की न दिसणारी भिंतसुद्धा हलताना दिसायला लागते.
‘पंचावन्न टक्के’ टाइप करायला चार सेकंद.

गेल्या मार्चमध्ये मी लिहिलं होतं:
‘टोक नीट दिसत नाही.’
तिसऱ्या ओळीत, इतर वाक्यांच्या गर्दीत.
गाठ तिथंच होती.
दहा दिवसांनी ती त्या बाईच्या मेंदूत पोचली.
मला कुणी काही बोललं नाही.
वाक्य बरोबर होतं ना.

सगळ्यांनाच द्या म्हणणारेही आहेत.
काल एक किडकिडीत शिक्षक आला होता,
हृदय काचेसारखं स्वच्छ, झडपेची थरथरसुद्धा दिसत होती.
त्याला सुई टोचली असती तर
ती फक्त माझ्या भीतीला टोचली असती.

“काय शोधतेस एवढं?” थर्लबी भिंतीकडे बघत विचारतात.
“आमच्या बोटीवर पण होतं असलं यंत्र.
कागदावर काळी रेघ काढायचं.
तळ आहे की मासे, ते कप्तान सांगायचा.”
बरोबर सांगायचा?
“कधी कधी.”
आणि चुकला की?
“जाळं फाटायचं. मग रात्रभर आम्ही शिवत बसायचो.”

मी प्रोब पुसून ठेवते. स्टूल जवळ ओढते.
बुडबुडे आहेत, सांगते, रक्तातल्या पेशीहून लहान,
थोड्या वेळात तुम्हीच ते श्वासावाटे सोडून द्याल.
क्वचित, फार क्वचित, कुणाला रिअ‍ॅक्शन येते,
म्हणून नंतर अर्धा तास इथं बसावं लागेल.
“चहा मिळेल?”
मिळेल. बिस्किटाचं नक्की नाही.
“चालेल मग.”

ओकेलोंच्या दारावर टकटक.
ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आहे मला,
‘वेळ असेल तर बघाल का’ वगैरे.
आज तेवढं म्हणत नाही.
टोकाचे दोन तुकडे दिसत नाहीत. द्यायला हवं.
ते फोनवर तळवा ठेवतात, मान हलवतात,
पुन्हा फोनवर बोलू लागतात. इतकंच.

बोझेना कुपी हलवते, आत दूध तयार होतं.
मी मशीनची ताकद कमी करते,
फार जोरानं बघितलं की बुडबुडे फुटतात.
एक, दोन, सात ठोके, काही नाही.
मग उजवीकडे पांढरं,
मग डावीकडे, आणि अंधाऱ्या कप्प्याला
पहिल्यांदाच काठ फुटतो.

टोक मोकळं आहे. गाठ नाही.
मी पुन्हा बघते. नाही.
आणि ते दोन तुकडे, शेजारी शेजारी,
आता अगदी स्पष्ट,
बाकीची भिंत आत येतेय, जातेय,
ते तसेच.

“मासे?” थर्लबी विचारतात.
ते सांगायचा अधिकार मला नाही.
डॉक्टर सांगतील, म्हणते,
आणि त्यांच्या उघड्या खांद्यावर चादर ओढते.
बाहेर मिसेस ग्रेव्हेल खोकतात, दोनदा,
घड्याळाकडे बघून खोकावं तसं.